टावेल कुठं वाळते

कोणाच्याही घरी गेल्या की बाई आधी वलनीकडे पाहायच्या. वलनी म्हणजे अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी. घरची माणसं खुर्ची पुढे करायची, आधार कार्ड, लाइट बिल, बँकेचं पासबुक असं सगळं पिशवीतून काढून मांडायची. बाई पदरानं घाम पुसत म्हणायच्या, "कागद पाहू, घाई काय हाय," आणि त्यांचे डोळे दोरीवर. किती साड्या, किती शर्ट आणि मुख्य म्हणजे टॉवेल किती.

"कपडे पाहुण्याचे बी असतात," एकदा त्यांनी मला समजावलं. "पण पाहुणा घरातलाच टावेल घेते. ज्याचा सोताचा टावेल वलनीवर हाय, थो माणूस तिथं राह्यते. त्याचं नाव तिथं."

बाई आमच्या गावच्या अंगणवाडीत सेविका होत्या आणि मतदार यादीचं कामही त्यांच्याकडे होतं. ते काम करणाऱ्याला बीएलओ म्हणतात. गावात सगळे नुसतं 'बाई' म्हणत. तुमच्याकडेही अशा एक बाई असतील. निवडणूक जवळ आली की काखेत याद्यांची पिशवी घेऊन त्यांना दारोदार फिरताना तुम्ही पाहिलं असेल, आणि त्यांना पाणी विचारायचं बहुतेक राहून गेलं असेल. आमच्याकडूनही राहायचं.

माझी आणि त्यांची नीट ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. यवतमाळला होस्टेलवर राहत होते. कॉलेजात मतदार नोंदणीची मोहीम होती आणि सरांनी सांगितलं होतं की दिवाळीला गावी गेलात की जमेल तेवढे अर्ज भरून आणा. मी गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसले. दोन दिवसांत चौदा अर्ज झाले, ते मी अंगणवाडीत बाईंकडे देऊन आले. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "आमची पोरगी फारम भरून राह्यली." मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी बाई ते अर्ज घेऊन आमच्या घरी आल्या. आधी वलनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय व कॉलेजवाली, यातल्या नऊ पोरी भाऊबीज झाली की परत जातीन ना?"

मला काही कळेना.

"माहेरवाशिणी हायत साऱ्या. दिवाळीले आल्या. तू त्यायले अथीच वसवून टाकलं. जावई काय म्हनतीन?"

आई तोंडाला पदर लावून हसली. माझे कान तापले. त्या नऊजणींना मी लहानपणापासून गावातच पाहिलेलं होतं, म्हणून त्या गावातल्याच, इतकं सरळ मी धरलं होतं. लग्न झालं की यादीतलं गावही बदलतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नऊ अर्ज वेगळे केले, माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "तूच परत देऊन ये. तू भरले ना."

मी दिले. पण त्या दिवशी शिकलेला धडा मी जरा जास्तच पाठ केला.

दुसऱ्या दिवशी वेणूताई आल्या. आमच्या घरामागच्या गल्लीत त्यांच्या भावाचं घर आहे. त्यांचं सासर आर्णीकडच्या एका गावात. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या, त्याला तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. टेबलाजवळ त्या बऱ्याच वेळ उभ्या होत्या. बाकीचे गेल्यावर म्हणाल्या, "माझं नाव अथी होईल का? तिकडं शाळेत मत टाकाव लागते, अन् शाळा सासरच्या दारासमोर हाय. मी दोन खेपा गेलीच नाही."

मी त्यांचं आधार पाहिलं. पत्ता सासरचा. लाइट बिल भावाच्या नावाचं, गॅसचं पुस्तक वहिनीच्या, सातबारा भावाच्या. माझ्याकडे नियमांचा कागद होता. राहण्याचा पुरावा म्हणून आईवडिलांच्या, नवऱ्याच्या, मोठ्या मुलाच्या नावचा कागद चालतो, असं त्यात होतं. भावाचं नाव त्यात नव्हतं. मी पुन्हा पुन्हा शोधलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही माहेरवाशीण आहात. इथं नाही होत."

त्यांनी आधार कार्ड रुमालात गुंडाळलं आणि गेल्या. मी बरोबर उत्तर दिलं, असं मला संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

संध्याकाळी मी ते बाईंना सांगितलं, थोडं शाबासकीच्या अपेक्षेनं. अंगणवाडीच्या ओट्यावर त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कागद नाही म्हणून तू तिले नाही म्हटलं?"

"कागदाशिवाय कसं होईल?"

"कागद नसला तं बीएलओनं जाऊन पाहाव लागते. खाली बारीक लिवलं हाय. थे वाचलं नाहीस." मग त्या हळूच म्हणाल्या, "बारीक लिवलेलं असंच राह्यते. मी बी पहिल्या वर्षी नव्हतं वाचलं."

सकाळी आम्ही दोघी वेणूताईंच्या भावाकडे गेलो. भाऊ दारातच होते. वहिनींनी चहा ठेवला. बाईंनी सवयीनं वलनीकडे पाहिलं. भावाचा शर्ट, वहिनींच्या दोन साड्या, पोरांचे कपडे, तीन टॉवेल. वेणूताईंचं काहीच नव्हतं.

वहिनी चहा देत म्हणाल्या, "ताई काय, पाहुण्या हायत. चार दिवस मन रमवाले आल्या."

तीन वर्षांचे हे चार दिवस. वेणूताई चुलीजवळ खाली मान घालून बसल्या होत्या. माझ्या मनात आलं, आता बाईही नाही म्हणणार. त्यांचा नियम मला माहीत होता.

बाईंनी चहा पिऊन बशी खाली ठेवली. "ताई, तुमचा टावेल कुठं वाळते?"

वेणूताई उठल्या आणि मागच्या दारानं निघाल्या. आम्ही त्यांच्या मागे. गोठ्याच्या मागे तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कूड होता. त्यावर एक टॉवेल, एक गाऊन आणि एक जुनी साडी वाळत होती. टॉवेलचा रंग कधीकाळी हिरवा असावा. जिथे तो रोज कुडावरून दुमडला जायचा, तिथे उन्हानं आडवा पांढरा पट्टा पडला होता.

"पुढं गर्दी होते," वेणूताई म्हणाल्या.

बाईंनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. "एका दिवाळीत नाही पडत असा." मग तो टॉवेल उचलला, पुढच्या अंगणात आणला आणि भावासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, मी सरकारी काम करून राह्यली, म्हणून तोंडानं विचाराव लागते. ताई अथी राह्यतात का?"

भाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले, "नाव चढलं म्हणजे उद्या वावराचं काही..."

"वावराचं तलाठ्याकडं. माझ्या यादीनं नांगराचं एक तास बी इकडचं तिकडं होत नाही. मी एवढंच विचारलं. राह्यतात का?"

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्या होत होत्या. मला वाटलं आपण निघावं. बाई मात्र दोन्ही हातांत टॉवेल धरून उभ्या होत्या, जणू त्यांना दिवसभर दुसरं काहीच काम नव्हतं.

"राह्यते," भाऊ म्हणाले. "कुठं जाईल दुसरीकडं? राह्यते."

"मग अथं सही करा, मी विचारलं अन् तुमी सांगतलं म्हणून."

त्यांनी सही केली. तेवढ्यात वहिनी उठल्या. मला भीती वाटली. त्या वलनीजवळ गेल्या आणि आपल्या दोन्ही साड्या एका बाजूला सरकवल्या. मध्ये हातभर जागा झाली. बाईंनी टॉवेल तिथं टाकला आणि मला म्हणाल्या, "आता लिही. आठ नंबरचा फारम. पत्ता बदल."

मतदानाच्या दिवशी मी मुद्दाम बाईंच्या जवळ उभी राहिले. शाळेच्या फाटकाजवळ त्यांना एक टेबल-खुर्ची दिलेली होती. समोर यादी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद. कोणकोणती ओळखपत्रं चालतात, ते त्यावर होतं. मतदार कार्ड नसेल तर आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड, बँकेचं फोटोवालं पासबुक, लायसन्स, पॅन आणि आणखी काही. बाईंना ते पाठ होतं. गावाला नव्हतं. कोणी नुसती मतदार चिठ्ठी घेऊन यायचं. बाई म्हणायच्या, "चिठ्ठीनं खोली सापडते, माणूस नाही सापडत. जा, आधार आन." एक आजोबा काचेच्या चौकटीतला सत्काराचा फोटो खिळ्यावरून काढून घेऊन आले होते.

"यात मी हाय का नाही पाह्य."

"हायच ना बाबाजी. पण बाजूले सरपंच बी हाय. मत कोणाचं धरू?"

आजोबा हसत परत गेले आणि पासबुक घेऊन आले.

वेणूताई अकराच्या सुमारास आल्या. आधार रुमालातच होतं. "बाई, याच्यावर तं तिकडचाच पत्ता हाय. हाकलून देतीन काय मले?"

"आतमंदी फक्त तोंड पाहातात. पत्ता मी पाहून आली." बाईंनी यादीत बोट ठेवून त्यांचं नाव दाखवलं. वेणूताईंना वाचता येत होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग रांगेत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा शाई लागलेलं बोट त्यांनी वाळायला धरावं तसं दूर धरलं होतं.

त्यानंतरच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. यजमान आधीच वारले होते. मुलाला यवतमाळला नोकरी, तो त्यांना घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. जाताना बाई अंगणातल्या वलनीवर आपला निळ्या काठाचा टॉवेल तसाच ठेवून गेल्या. विसरल्या असतील, असं आम्हाला वाटलं. वेणूताई त्यांचं अंगण झाडायच्या. तो टॉवेल धुळीनं भरला की धुवून पुन्हा तिथंच टाकायच्या.

होस्टेलपासून बाईंच्या मुलाचं घर लांब नव्हतं. मी अधूनमधून जायचे. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनीत प्लॅस्टिकची दोरी. एकदा धीर करून म्हणाले, "बाई, तुमचं नाव इकडे करून घेऊ का? मुलाच्या नावचं लाइट बिल चालतं."

"मले माहीत हाय काय चालते थे," त्या म्हणाल्या. मग माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. "होईल सावकाश. मी अथी पाहुणीच हाय." मी पुढे विचारलं नाही. वर्ष गेलं, आणखी काही महिने गेले.

या दिवाळीत मी घरी होते तेव्हा नवे बीएलओ आले. तरुण गुरुजी आहेत, माहिती मोबाइलमध्ये भरतात. बाईंच्या कुलपासमोर उभे राहून त्यांनी वेणूताईंना विचारलं, "या घरातल्या बाईंचं नाव यादीत आहे. त्या इथं राहतात का?"

वेणूताईंच्या हातात झाडू होता. त्यांनी वलनीकडे पाहिलं. मीही पाहिलं. टॉवेल आदल्याच दिवशी धुतलेला होता. गुरुजींना त्यातलं काही माहीत नव्हतं. वेणूताई 'राह्यतात' म्हणाल्या असत्या तर ते पुढच्या घरी गेले असते.

मी घाईनं म्हणाले, "फोन लावू का बाईंना?"

मी लावला आणि गुरुजी वेणूताईंना काय विचारतात ते सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "वेणूले विचारा म्हण त्यायले. ती समोर हाय. मी तिच्या भावाले विचारलं होतं तसंच."

फोन स्पीकरवर होता. वेणूताईंनी ऐकलं. झाडू भिंतीला टेकवला, पदर नीट केला.

"नाही राह्यत," त्या म्हणाल्या. "यवतमाळले राह्यतात. पोराकडं."

गुरुजींनी लिहून घेतलं. बाईंनीच पत्ता बदलाचा अर्ज भरावा, असं सांगून ते गेले. वेणूताईंनी टॉवेल वलनीवरून काढला, झटकला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "एसटीत मांडीवर ठेवजो. खाली नको ठेवू."

आमच्या तालुक्याच्या गावाहून, महागावहून, यवतमाळपर्यंत तो माझ्या मांडीवर होता.

बाईंनी दार उघडलं. मी टॉवेल पुढे केला. त्यांनी घडी उलगडून काठ पाहिला.

"वेणूनं काढला?"

"हो."

"बरोबर सांगतलं तिनं," त्या म्हणाल्या. जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, "बरोबरच सांगतलं."

मग त्या बाल्कनीत गेल्या. नातवाचा शाळेचा शर्ट, सुनेचा ड्रेस आणि एक चादर होती दोरीवर. त्यांनी चादर सरकवली, टॉवेल टाकला, दोन्ही टोकांना चिमटे लावले. परत येऊन खुर्चीत बसल्या.

"लिही. आठ नंबर."

मी लिहीत होते. जुन्या पत्त्याच्या ओळीत आमच्या गावाचं नाव आलं तेव्हा मी वर पाहिलं. मला वाटलं, बाई अर्ज तपासत असतील. पण त्यांचे डोळे बाल्कनीतल्या दोरीवर होते.