आप्पांचं नाक

दूध करपलं तरी आप्पांना वास आला नाही, हे आईनं मला फोनवर अगदी सहज सांगितलं. पातेलं काळं होईपर्यंत ते गॅसच्या शेजारीच पेपर वाचत बसले होते म्हणे. मी साताऱ्यात होते. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि वास जाणं म्हणजे काय, हे तोवर पोरासोरांनाही कळलं होतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगलीच्या हळद पेठेत अडते होते. शेतकऱ्यांचा माल सौद्यात लावून द्यायचे. हळकुंड मोडायचं, नाकाशी न्यायचं आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं, ही त्यांची पद्धत. ते 'बरा हाय' म्हणाले की व्यापारी डोळे झाकून बोली वाढवायचे. पेठेत सगळ्यांचं म्हणणं एकच, हळदीच्या धुळीत जन्म गेलेल्या माणसाला करोना काय करणार? त्यामुळे मास्क कायम हनुवटीवर. या बढायांचा मला भयंकर संताप यायचा.

जिल्हा ओलांडायच्या पासची खटपट करून मी सांगलीला पोचले, तर आप्पा सौद्याला निघालेले. अंगात कणकण होती, बोलताना दम लागत होता. मी मसाल्याच्या डब्यातली हळद त्यांच्या नाकापुढे धरली.

"कसला वास येतोय?"

"हळदीचा."

"आता डोळे मिटा." या वेळी मी हिंगाची डबी धरली.

"हळदच की," ते म्हणाले. आईनं पुढं होऊन दाराला कडी घातली.

बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा नव्वदच्या आसपास घुटमळत होता. मी म्हटलं, चला, मिरजेच्या दवाखान्यात जाऊ.

"मिरजंत न्हाई जायचं. निम्मी पेठ तिथं हाय. नाक गेल्यालं कळलं, तर माझ्या शब्दावर माल कोण घ्यील?"

"आणि जीव गेला तर?"

"त्यो काय, सगळ्यांचाच चाललाय."

त्यांना धरून गदागदा हलवावं असं वाटलं मला. हो-नाही करता करता साताऱ्याला माझ्याकडे येऊन तिथल्या दवाखान्यात जायला ते कबूल झाले. गाडीत बसताना त्यांनी मास्क पार डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. मला जरा बरं वाटलं. मग लक्षात आलं, तो आजारासाठी नव्हताच. वाटेत कुणी ओळखू नये म्हणून होता.

पेठनाक्याला हायवे लागला, तोवर त्यांचं बोलणं थांबलं होतं. आकडा उतरत चालला होता. त्यांची नखं निळसर दिसत होती. साताऱ्यापर्यंत जाणं शक्यच नव्हतं. कराड आलं तशी मी त्यांना न विचारता गाडी गावात घातली. पहिल्या दवाखान्यात खाट नव्हती. दुसऱ्यात आम्हाला फाटकाबाहेरच थांबवलं. मी तिथल्या माणसाच्या हातापाया पडले, तेव्हा कुठे त्यानं आत घेतलं.

नर्सनं नाव विचारलं. आप्पांनी मास्क खाली केला आणि धापा टाकत भलतंच नाव सांगितलं.

"दुसऱ्याच्या नावावर मरायचंय का तुम्हाला?" मी सगळ्यांदेखत ओरडले आणि खरं नाव लिहायला लावलं.

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "जगलो तर कुणाला सांगू नको. मेलो तर सांग. मग काय बिघडत न्हाई."

ते गेले. आम्हाला चेहराही नीट बघू दिला नाही.

निर्बंध उठल्यावर पेठेतले एक म्हातारे व्यापारी आईला भेटायला आले. आप्पांच्या शेजारी उभं राहून त्यांनी आयुष्यभर सौदे केलेले. मी त्यांना सगळं सांगितलं, नाकाचंही. आईनं ठेवलेला चहा तसाच निवून गेला.

"पोरी, त्या महिन्यात मला तरी कुठं वास येत हुता," ते म्हणाले. "आमच्यातल्या लय जणांचं तसंच हुतं. बोललं न्हाई कुणी."

"मग बोली कशावर लावत होता?"

"आप्पा बरा म्हणायचे, त्यावर."