मृगातली रेघ

दुकानात पाऊल टाकलं की ते आधी तळहात भुवयांवर आडवा धरत, माझ्या टेबलावरच्या दिव्याकडे पाठ फिरवत आणि म्हणत, "स्वल्प थांबा अण्णा, डोळे जमू देत."

फोटो स्टुडिओत लोक उजेड शोधत येतात. हे गृहस्थ माझ्या डार्करूममध्ये शिरण्याआधी आपल्या डोळ्यांना अंधाराची सवय करून घेत उभे राहत. गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी यांचे डोळे जमेपर्यंत मी थांबायचं. तुमच्या ओळखीत असा एखादा नसेल तर तुम्ही सुखी आहात.

पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात आले होते. बंगळुरात इतकी वर्षं काढून कन्नडातला एकच शब्द शिकले, स्वल्प. भाजीवाल्यापासून कारखान्यातल्या मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांवर तोच चालवत. आमचं घराणं इथं येऊन पिढ्या लोटल्या. आमच्या मराठीला पुण्याची माणसं नाक मुरडतात. यांनी कधी मुरडलं नाही. हा माणूस मराठी मंडळात पुढे येणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यांना नाद होता तेजोमेघांचे फोटो काढण्याचा. गुजरीतून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून, लढाईतल्या विमानाच्या कॅमेऱ्याचं भिंग उचललेलं, खोक्याच्या फळ्या, जुन्या रेडिओची चाकं, असा सगळा संसार गच्चीवर. पृथ्वी फिरते म्हणून फोटोतले तारे फरफटतात. पृथ्वीची ही चूक ते हाताने दुरुस्त करत: छोट्या दुर्बिणीला डोळा लावून चाक केसभर, पुन्हा केसभर फिरवत राहायचं. तेवढ्यात मंडळातल्या शहाण्या माणसांचे पत्त्यांचे दोन डाव होऊन जात.

गच्चीचा जिना लोखंडी, गोल. पण कंदील न्यायचा नाही, डोळे बिघडतात. एकदा वर जाताना असे आपटले की डाव्या भुवईपासून केसांपर्यंत पांढरी रेघ कायमची उमटली. बायको म्हणे, "ह्यांना आकाशातलं सगळं दिसतं, जिना तेवढा दिसत नाही."

आता माझ्या कलेविषयी. चिकपेटात माझ्याइतका चांगला रीटचिंग करणारा नव्हता, हे मी नाही, मुलींचे बाप सांगत. स्थळांना पाठवायचे फोटो माझ्याकडे येत. देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं मी निगेटिव्हवरच पेन्सिलीने बुजवी, नाहीतर चाकूच्या टोकाने खरवडून काढी. बाप न चुकता बजावत, "आहे तशीच दिसू दे हो, फसवाफसवी नको." सुरुवातीला मी मूर्खासारखी आहे तशी दाखवली. फोटो परत आले, शिव्यांसकट. त्यानंतर ‘आहे तशी’ म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

यांचा पहिला फोटो माझ्याकडे आला तेव्हा प्रिंटवर पांढरे ठिपके फार दिसले. धूळ समजून मी बारीक कुंचल्याने एकेक ठिपका बुजवला. दुपार गेली त्यात. त्यांनी प्रिंट पाहिली, बराच वेळ पाहिली आणि हळूच म्हणाले, "अण्णा, हे तारे होते." मला वाईट वाटू नये म्हणून पुढे असंही म्हणाले, की उरले आहेत ते मात्र अगदी सुबक आहेत.

तर ठिपके म्हणजे तारे, एवढं खगोलशास्त्र मला आलं. रेघेबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

रशियाने कुत्री बसवून दुसरा उपग्रह वर सोडला होता, त्या हिवाळ्यातली गोष्ट. संक्रांत झाली होती. मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात त्यांना बोलायला अर्धा तास मिळाला होता. मोठा मान, गाणारी बाई आजारी पडली होती. दोन दिवस आधी ते निगेटिव्हची न धुतलेली काच घेऊन आले. मृग नक्षत्रातला तेजोमेघ आहे, एवढंच म्हणाले. चेहरा मात्र मुलगा झाल्यासारखा. जाताना दारातून परत वळले. "अण्णा, काही करू नका हं. आहे तसंच येऊ दे."

काच धुतल्यावर तेजोमेघाच्या अंगावरून गेलेली बारीक काळी रेघ दिसली. अंधारात काच भरताना बोटाचा दाब पडला की असा डाग पडतो, हे मला ठाऊक. मनात म्हटलं, बिचाऱ्याचा पहिलाच कार्यक्रम आणि मधोमध हा डाग. चाकू घेतला. माझ्या हातून इतकं नाजूक काम पूर्वी झालं नव्हतं. त्या कामापायी उशीर झाला, म्हणून मोठी प्रिंट कागदात गुंडाळून मी ती थेट हॉलवरच नेली.

ते बोलायला उभे होते. मी पहिल्या रांगेत बसलो, प्रिंट मांडीवर, हातात तिळगूळ. ते सांगत होते, की चाक फिरवत असताना दुर्बिणीत अचानक काहीतरी चमकत आलं, मृगाच्या पोटातल्या बाणाखालून गेलं आणि तेजोमेघ चिरून पुढे निघालं. पेपरातल्या वेळेशी ताडून पाहिलं. तोच उपग्रह. आत ती कुत्री, बहुधा मेलेली. हजारभर वर्षांपूर्वीचा उजेड आणि दोन महिन्यांपूर्वी उडालेला जीव, एका काचेवर.

हॉल गप्प झाला. मंडळात माणूस बोलत असताना हॉल गप्प झालेला मी त्यानंतर पाहिला नाही.

त्याच क्षणी मला कळलं की मी काय खरवडलं. उठून त्यांच्या कानात सांगायला वेळ होता. मी तिळगूळ चावत होतो.

माझ्या मांडीवरची प्रिंट पुढे गेली, कागद सुटला. तेजोमेघ सुरेख आला होता. पहिल्या रांगेतल्या बायका म्हणाल्या, किती स्वच्छ काम आहे. मग चिटणीस पुढे झाले, जवळून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, कुत्रं वाटेत उतरलं की काय?"

मागून कुणीतरी भुंकलं. मग सगळा हॉल हसला.

ते प्रिंटजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे वळले.

"अण्णा, काचेवर काही नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणालो.

मी असं का म्हणालो याची कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. हॉलमधली निम्मी घरं माझी गिऱ्हाईकं होती. पुढे माघातली लग्नं होती. ‘याचा चाकू काय वाटेल ते खातो’ असं झालं असतं, तर एकाही मुलीच्या फोटोवर कुणी विश्वास ठेवला नसता. ठेवायला नकोच होता, ही गोष्ट वेगळी.

त्यांनी सगळ्यांना हात जोडले. "मग मलाच भास झाला. काच कशाला खोटं बोलेल? माफ करा."

त्याच आठवड्यात त्यांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टरला दोष सापडेना, तरी हट्टाने नवा चष्मा केला. काही दिवस आळीतली पोरं त्यांना पाहून भुंकत. भिंग गुजरीत परत गेलं. दुकानात ते येत राहिले. दिव्याकडे पाठ फिरवून उभे राहायची सवय मात्र गेली. कधी समोरच्या पाटीकडे बोट दाखवून विचारत, "अण्णा, तिथं साड्यांचं दुकान असंच लिहिलंय ना? मी बरोबर वाचतोय?" मी म्हणे, बरोबर. तेवढं खरं मला बोलता येत होतं.

गेल्या वर्षी ते गेले. मुलगी मीच काढलेला त्यांचा जुना फोटो घेऊन आली, भिंतीवर लावायला मोठा करून हवा होता. म्हणाली, "काका, बाबा होते तसेच दिसू देत."

या खेपेला मी तसंच केलं. चाकूला हात लावला नाही.

फोटो हातात घेऊन ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "काका, कपाळावर ती रेघ राहिलीय. तेवढी काढाल का? आईला बघवत नाही."

म्हटलं ना, बापांनी मला पक्कं शिकवलं होतं. पण हात धजेना. का, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं: काच, चाकू, मांडीवरची प्रिंट, तिळगूळ. ती रागावेल याची मी वाट पाहिली. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे बाबांचे डोळे चांगले होते?"

"चांगले होते."

"आईला सांगते," ती म्हणाली. रेघ तिने शेजारच्या स्टुडिओतून काढून घेतली. चांगली साफ केली आहे त्याने, मी पाहिली.

त्या दिवशी हॉलमध्ये हसलेल्यांपैकी काही जण हे वाचतील. त्यांच्यासाठी सांगतो: रेघ होती. सरळ, बारीक, तेजोमेघाच्या मधोमध.

त्यांच्या फोटोची माझी प्रिंट मी दर्शनी कपाटात लावली आहे, नवऱ्यामुलींच्या गुळगुळीत फोटोंच्या रांगेत. गिऱ्हाईक आत येतं, बोट दाखवतं, "अण्णा, ह्या फोटोत रेघ राहिलीय बघा."

मी टेबलावरचा दिवा मालवतो. म्हणतो, स्वल्प थांबा.