डिकीवरची टकटक

पडदा वर जातो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. दोन घरांमधला अरुंद बोळ, शेवटी आडवी भिंत, तिला लागून स्वयंपाकघराची पायरी. बोळाच्या तोंडाशी एक लाल, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार बोळाकडे पाठ करून उभी. प्रेक्षागृहात, म्हणजे समोरच्या गॅलरीत, चहाचा कप घेऊन मी एकटी.

गाडी मिस्त्रींची. जन्मभर त्यांनी लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले. पत्र्यावर टिचकी मारून, आत गंज कुठे आहे ते सांगायचे. ही गाडी अपघातानंतर कुणीतरी गॅरेजात टाकून दिलेली. मिस्त्रींनी तीन वर्षं ठोकून ठोकून तिला माणसात आणलं. बोळात मात्र ती उलटीच शिरायची. डावीकडे चार बोटं जागा, उजवीकडे मिस्त्री पोट आत घेऊन बाहेर निसटतील एवढी. मागची काच म्हणजे पत्रपेटीची फट. तिच्यातून त्यांना नुसतं आभाळ दिसे.

म्हणून मागे उभ्या राहायच्या काकू, त्यांच्या पत्नी. इंजिनाच्या गुरगुरण्यात हाक ऐकू येत नसे. शेवटच्या दोन हातांत काकू डिकीवर बोटाच्या पेराने वाजवत. एकदा टक म्हणजे या, लागोपाठ दोनदा म्हणजे थांबा.

"गाडी तुमची असेल, ब्रेक माझा आहे," काकू म्हणायच्या. रंगभूमीवर मी पुष्कळ प्रॉम्प्टर पाहिले, इतका भरवशाचा एकही नाही. एकवीस वर्षांत गाडीला ओरखडा नव्हता.

मग एका संध्याकाळी एकेक टक येत राहिली, थांबा काही आलं नाही, आणि गाडी भिंतीच्या कोपऱ्याला धडकली. शेजारी जमले.

"काय मिस्त्री, गिऱ्हाईक कमी झालं म्हणून घरचाच पोचा काढताय होय?"

"पाय घसरला माझा," मिस्त्री म्हणाले.

काकू पायरीपाशी हात तसाच वर धरून उभ्या होत्या. वाक्य विसरलेल्या नटीचा चेहरा मी लांबूनही ओळखते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. काकू गॅस बंद करायला विसरू लागल्या, मग लेकीचं नाव. पण सहाला हॉर्न वाजला की हात पुसत बोळात हजर. मिस्त्री आता मुंगीच्या पावलाने गाडी मागे घेत, तरी महिन्याला एक पोचा पडेच. लेक एकदा भडकली.

"बाबा, गाडी रस्त्यावर लावा. गाडीच्या आणि भिंतीच्या मध्ये आई उभी असते, कळतंय का तुम्हाला?"

"रस्त्यावर लावली तर तिने सहा वाजता काय करायचं? सगळं काढून घेतलंत तिच्या हातातलं. हे एवढंच राहिलंय."

गॅलरीत मी हे ऐकून गप्प राहिले, आणि ते मला अजून खातं.

पुढच्याच आठवड्यात काकू गाडीमागे उभ्या असताना दमल्या आणि पायरीवर बसल्या. बसूनच त्यांनी टक केलं. ती टक डिकीवर नाही, खाली बंपरवर पडली. मिस्त्रींच्या कानाने ते ओळखलं, ब्रेक दाबलाही, पण चार बोटं उशिरा. काकूंचा गुडघा चिरडला. धरलेलं अंथरूण सुटलं नाही. सातव्या आठवड्यात त्या गेल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी, बरोबर सहाला, हॉर्न वाजला. गाडी मागे मागे सरकत भिंतीपासून हातभर अंतरावर येऊन थांबली, कुठेही न घासता. इंजिन मात्र चालूच. पंधरा मिनिटं झाली, बोळ धुराने भरला, तेव्हा मी खाली उतरले आणि अंग चोरत गाडीच्या बाजूने आत गेले. डिकी हाताच्या अंतरावर होती. दोनदा वाजवलं असतं तर भागलं असतं. पण ती भूमिका माझी नव्हती. मी खिडकीशी वाकले.

"पोहोचलात मिस्त्री. बंद करा आता."

दुसऱ्या दिवशी लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली, आणि तिथे ते कुणाशीच बोलले नाहीत. आदल्या संध्याकाळी बोळात माझ्याशी बोलले तेवढंच. हात स्टिअरिंगवर, नजर आरशात.

"ती अजून थांबा म्हणाली नाही, बाई."