गेर्गिनाचा घोडेस्वार

गेर्गिनाची सासू गेली तेव्हा दागिने थोरल्या जावेला मिळाले आणि माळावरच्या चॅपेलची किल्ली गेर्गिनाला. ती म्हणायची, "तिला सोनं, मला संत जॉर्ज. सोनं मोडून खाता येतं, संताचं काय करू?"

चॅपेलच्या भिंतीत एक दगड आहे. त्यावर भाला उगारलेला घोडेस्वार आणि घोड्याच्या पायाशी ड्रॅगन. ड्रॅगन जरासा कुत्र्यासारखा दिसतो. पण इतकी वर्षं धुतल्यावर कुणीही तसाच दिसेल, असं आमचे पाद्री स्पासबाबा म्हणतात. संत जॉर्जच्या सणाला गेर्गिना दगड धुते. ज्यांची माणसं परदेशी राबायला गेलीत त्या बायका ते पाणी उंबऱ्यावर शिंपडायला नेतात. म्हणजे घरोघरी. गेर्गिनाचा मुलगा ल्युबेन जर्मनीत ट्रक चालवतो. तो परत यावा म्हणून दर सणाला ती नवसाचं कोकरू कापते. ल्युबेन येत नाही, कोकरू जातं.

यंदा सणाच्या आधी राजधानी सोफियाहून प्राध्यापक कालिनाबाई आल्या. दगड बघून त्यांचे डोळे भरून आले. म्हणे, शंभर वर्षांपूर्वी एका विद्वानाने त्यावरची अक्षरं वाचली होती, नंतर दगड हरवला. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. तो संत नव्हताच. रोमनांच्या फौजेत भरती झालेला आमच्याच मुलखातला घोडेस्वार, लढाईत धारातीर्थी पडलेला. आणि ड्रॅगन म्हणजे खरंच कुत्रा.

लगोलग जिल्ह्याच्या म्युझियमचे साहेब गाडी घेऊन हजर. वीरांच्या दालनात मधली जागा रिकामी होती.

"आजी, बदल्यात प्लास्टरची हुबेहूब नक्कल देतो."

"ती धुता येईल?"

"छे, विरघळेल."

"मग ती तुम्हीच ठेवा. तुम्हाला कुठं धुवायचंय."

पण कायदा साहेबांच्या बाजूने होता. गेर्गिनाला घास जाईना. स्पासबाबांनी समजूत घातली, "बाई, तो आपल्या धर्माचा नव्हता गं."

"नसेल. मेणबत्त्या घेताना कधी बोलला नाही."

दगड काढण्याआधी कालिनाबाईंनी तो साफ करायला घेतला. गेर्गिनाच्या सासवा-आजेसासवांनी दर ईस्टरला खालच्या बाजूला चुना फासला होता. तो निघाला आणि आत धडधाकट ओळी! जुन्या विद्वानाने वरचं तेवढं वाचून वीरमरण पदरचं घातलं होतं. खालचं म्हणत होतं, याने पंचवीस वर्षं ऱ्हाईनकाठी चाकरी केली, सुखरूप गावी आला, म्हातारा झाला आणि स्वतःच्या थडग्याचा दगड जिवंतपणीच बसवून घेतला.

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे लढाईत मेला नाही?"

"नाही हो. घरीच गेला असणार."

"असले पेन्शनर आमच्या गोदामात ढिगाने पडलेत," साहेब म्हणाले. गाडी रिकामीच परत गेली.

मी धावत गेर्गिनाकडे गेले. ती अंगणात कोकराला पाला घालत होती. सगळं ऐकून म्हणाली, "कुठं होता म्हणालीस?"

"ऱ्हाईनकाठी. आपल्या ल्युबेनच्या तिकडेच."

"आणि परत आला?"

"आला की."

तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "बघ. रणात मेलेला काय कुणाला घरी आणणार? आपण बरोबर माणसाच्या पाया पडत होतो." मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि कोकराच्या पाठीवरून हात फिरवला. "पंचवीस वर्षं म्हणजे ल्युबेनला अजून अवकाश आहे. याला यंदा राहू दे."