उजवा पाय आधी

आमच्या गिरीजच्या वाडीत सोनचाफा आहे. उजाडायच्या आत घोडीवर, म्हणजे लाकडी दुपाखी शिडीवर चढायचं, कळ्या खुडायच्या, उतरायचं, घोडी पुढच्या झाडाखाली न्यायची. लग्नानंतर काही वर्षांतच हे काम माझं झालं. गेल्या दिवाळीपासून नवी वीस झाडं फुलायला लागली आणि महिन्याभरात उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, बोट ठेवून दाखवावं अशा एका जागी दुखू लागलं.

"वात आहे," सासूबाई म्हणाल्या. तेल चोळलं, पंधरा दिवस बसून काढले. दुखणं गेलं. सोळाव्या दिवशी मी सगळी झाडं खुडली आणि विसाव्या दिवशी ओटा चढता येईना.

नवरा म्हणाला, "झाडं मक्त्याने देऊन टाकू." तो काळजीनेच बोलला. पण शेजारची वाडी मक्त्याने गेली तेव्हा कळ्यांसकट फांद्या ओरबाडलेल्या मी पाहिल्या होत्या.

वसईत फिजिओथेरपिस्टकडे गेले. मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने मला स्टुलावर पाच वेळा चढायला लावलं.

"काकू, डाव्या पायाची पाळी कधी?"

"उजवाच आधी टाकायचा. शुभ असतं."

"दिवसाला किती वेळा शुभ?"

"दीडशे तरी. घोडीच्या प्रत्येक पायरीला उजवाच."

ती हसली नाही. वाटीला नडगीशी जोडणारा पट्टा अचानक वाढलेल्या कामाने दुखावलाय, म्हणाली. नुसत्या विश्रांतीने दुखणं थांबतं, पट्ट्यात ताकद येत नाही. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखं, पाऊण मिनिट थांबायचं. असं पाच वेळा, रोज. पायावरचा भार हळूहळू वाढवायचा. काम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर काम कमी करायचं. तीन महिने, कदाचित सहा.

डावा पाय आधी टाकायला शिकले. सासूबाई तोंड फिरवून घेतात. दहा झाडांवर सुरुवात केली, पंचवीसवर पोचले. तीस झाडं खुडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी गुडघा पुन्हा धरला, म्हणून परत पंचवीसवर आले. बाकीची झाडं तोवर नवरा खुडत होता. आता त्याची कामाची पाळी बदलली, सकाळी सातला निघावं लागतं.

मागची रांग मक्त्याने द्यायला काल मीच सांगितलं. त्याने फक्त "बरं" म्हटलं. आज मक्तेदाराची माणसं आली. मी पुढच्या पंचवीस झाडांवर होते. मागून फांदी मोडल्याचा आवाज आला, तेव्हा घोडीवरून घाईने उतरायचं नाही एवढंच मी स्वतःला बजावलं.