सहीच्या वरची जागा

“वाचता येतं ना, सरपंच? मग मोठ्याने वाचा.”

गटविकास अधिकाऱ्यांनी ठरावाची वही माझ्यापुढे सरकवली. हाताने नव्हे, पेनाच्या टोकाने. दालनात पाच-सहा सरपंच बसले होते. मी उभा होतो. वाचले : तांड्यासाठी मंजूर झालेली विहीर गावठाणात घेण्यास ग्रामसभेची एकमताने संमती. खाली माझी सही. मी बंजारा, त्याच तांड्याचा.

“सही तुमचीच ना?”

“माहीच. पन ठराव माहा नाही.”

“म्हणजे सही तुमची आणि अक्कल दुसऱ्याची?”

सगळे हसले. बसलेले सरपंचही.

घाटंजीच्या बाजारात आजही सांगतात, की मी वही साहेबांच्या अंगावर फेकली. खोटे आहे. मी ती मिटली, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि बाहेर आलो. फेकली असती तर एवढा थकलो नसतो.

दुसरे खोटे असे, की माझ्यासारख्या म्हाताऱ्याला फसवले. मी अडाणी नव्हतो. आमच्याकडची रीतच होती : सभा उठली की सरपंचाने कोऱ्या पानाच्या तळाशी सही करायची, वरचे ग्रामसेवक मागाहून लिहिणार. “तुम्ही सही ठोका, सरपंच साहेब. लिहिनं होत राह्यते.” मी ठोकत गेलो. ती चूक माझी. ती मी कोणाला देणार नाही.

तांड्यावर परतलो. भावजय डोक्यावर गुंडभर पाणी घेऊन दूरच्या शेतातून येत होती. तिच्या कानावर गेले होते. “भाऊजी, सही तुमच्या हातची, तं पानी आता कोनाच्या हातचं मांगू?”



पुढच्या ग्रामसभेत ग्रामसेवकाने कोऱ्या पानाच्या तळाशी बोट ठेवले. मी पेन घेतला आणि पहिल्या ओळीपासून लिहू लागलो. विहीर तांड्यातच. भर सभेत, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात.

“काय करून राह्यले? हे माहं काम आहे!”

“लिहिनं तुमचं काम असंन. बोलनं गावाचं आहे.”

शेवटच्या ओळीला चिकटून सही केली. खालच्या कोऱ्या जागेवर आडव्या रेघा मारल्या.

विहीर त्यामुळे झाली, असे माझे चाहते सांगतात. तेही खोटे. ठराव साहेबांकडून तीनदा परत आला : “नमुन्यात नाही.” विहीर अजून कागदावरच आहे.

चौथ्यांदा लिहितो आहे. वयामुळे एका ओळीला दोनदा थांबावे लागते. थांबेन. पण माझ्या सहीच्या वर बोटभरही जागा आता कोणाला मिळणार नाही.