तांदळात लिहिलेलं नाव

माझी दोन नावं आहेत आणि त्यातलं एकही इथे सांगणार नाही. गेल्या वर्षभरात ती दोन्ही इतक्या फॉर्मांवर लिहिली की आता उबग आलाय.

एक माहेरचं. दुसरं, लग्नात यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं ते. सासूबाईंनी निवडलेलं. आडनाव सोडाच, माझं मूळ नावच बदललं. तेव्हा कुणी विचारत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही गंमत वाटली होती. पुढे बँक, रेशनकार्ड, आधार, सगळं नव्या नावाने झालं. पॅनकार्ड तेवढं जुन्या नावाचं राहिलं, लग्नाआधी शाळेत नोकरी करायचे तेव्हाचं. हे म्हणायचे, बदलून घे. मी म्हणायचे, चालतंय की. आणि वीसेक वर्षं चाललंही.

यांची तुर्भ्याची कंपनी बंद पडली तेव्हा मी परदेशातल्या मराठी पोरांना ऑनलाइन मराठी शिकवायला लागले. कोपरखैरण्याच्या आमच्या वन बीएचकेत, स्वयंपाकघराचं दार लावून, सकाळी साडेसहाला त्यांच्याकडून 'ळ' घोटून घ्यायचे. 'बाळ'ला 'बाल' म्हणायची मेली. पालक फी पाठवायचे एका पैसे पाठवणाऱ्या ॲपवरून, आणि त्यातून घराचा हप्ता जायचा; कर्ज आमच्या दोघांच्या नावावर होतं. त्याच सुमारास लेकीला पुण्याला एम.एस्सी.ची ॲडमिशन मिळाली. शिक्षणासाठी कर्ज काढायचं ठरलं, सहकर्जदार मी. म्हणजे तिचं पुणं माझ्या क्रेडिट स्कोअरवर टांगलेलं. स्कोअर चांगला होता. मला त्याचा जरा माजच होता.

मग त्या ॲपने कागदपत्रं पुन्हा मागितली. मी अतिशहाणी, पॅन आणि आधार दोन्ही टाकली. दुसऱ्या दिवशी मेसेज: नावं जुळत नाहीत, खातं बंद केलंय, आलेली रक्कम चौकशी होईपर्यंत थांबवलीय.

भांडायला फोन नंबर नाही, ऑफिस नाही. नुसती चॅटची चौकट. मी लिहिलं, दोन्ही नावं माझीच. उत्तर आलं, कृपया तुमचं खरं नाव सांगा. आता काय डोंबल सांगू? लग्नाची नोंदणी केलेली नव्हती, आमच्या वेळी कोण करत होतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळी हकिकत लिहिली, की आमच्यात नवरा बायकोचं नवं नाव तांदळात लिहितो. ते म्हणाले, पुरावा जोडा.

मी खरंच जोडला. माळ्यावरून लग्नाचा अल्बम काढला, ताटाच्या फोटोचा फोटो काढला आणि पाठवून दिला. यांचा हात, अंगठी, तांदळात ते वेडंवाकडं नाव. उत्तर: या प्रकारचं कागदपत्र स्वीकारलं जात नाही.

हे हसले. माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला हसायला काय जातंय? तुमचं नाव जन्मापासून एकच."  दुसऱ्या दिवशी मात्र हे स्वतःच मला बेलापूरला नोटरीकडे घेऊन गेले. स्टॅम्पपेपरवर छापून आलं, की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. ते वाचून मला रडूच आलं. पण एवढ्याने भागणार नव्हतं. नाव बदलल्याचं सरकारी गॅझेटमध्ये छापून यायला हवं होतं, आणि तिथे नंबर लावून थांबायचं.

पालकांना म्हटलं, थेट बँकेत पाठवा. दोन पोरांच्या आयांनी कळवलं, "काकू, तुमची चौकशी चालू आहे असा मेसेज आलाय आम्हाला," आणि क्लासच बंद केले. उरलेल्यांच्या फीत हप्ता भागेना. इतकी वर्षं बाई म्हणून मिरवले, आणि आता चौकशीतली बाई झाले. माहेरी उसने मागायला जीभ रेटेना. आज सुटतील पैसे, उद्या सुटतील, करत बसले. घराचे दोन हप्ते बाऊन्स झाले.

वाशीच्या शाखेत कर्जाचं बघणारी मुलगी माझ्या लेकीएवढीच होती. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मॅडम, स्कोअर खूप खाली आलाय. दोन बाऊन्स दिसतायत."

"पैसे आहेत हो माझे. अडकलेत."

"सिस्टिममध्ये अडकलेले दिसत नाहीत, मॅडम. बाऊन्सच दिसतात."

लेक शेजारीच बसली होती. फाइल तिने मांडीवर घट्ट धरली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, उसाचा रस घ्यायचा का? मी दोन ग्लास सांगितले आणि पर्समध्ये सुटे शोधायला लागले.

फी भरायची तारीख गेली. लेक ऐरोलीला एका कंपनीत लागली. पहिल्या पगारापासून घराचा हप्ता तिच्या पैशातून जातोय. मी नको म्हणाले नाही, म्हणायला तोंड कुठे होतं? पॅन वेळेवर बदललं असतं तर ही पोरगी आज पुण्यात असती, हे घरात कुणी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाच महिन्यांनी गॅझेटचं काम झालं, खातं उघडलं, अडकलेले पैसे एका दमात आले. पुढे काही महिन्यांनी एका सकाळी मोबाइलवर मेसेज आला: अभिनंदन, तुमचा क्रेडिट स्कोअर सुधारला आहे. सुधारणारच, हप्ते वेळेवर जात होते.

मी मोबाइल घेऊन लेकीकडे गेले. ती ऑफिसला निघायच्या घाईत होती, गळ्यात कार्ड अडकवत होती. म्हटलं, "बघ, आता कर्ज मिळेल. यंदा भर ना फॉर्म."

तिने मेसेज वाचला, मोबाइल मला परत दिला.

"राहू दे गं आई," ती म्हणाली. "चालतंय की."

मी तिच्या हातात डबा दिला. तिची बस आली होती.